चौदा पब, सहा मित्र आणि एक ड्रायव्हर

*प्रिय मावशी,*

*आम्ही पुण्याच्या एकाच कॉलेजातले सहा जण. चौघं आता इकडे रेडिंग आणि स्लावला नोकरीत आहोत, दोघं सप्टेंबरच्या शेवटी पुण्याहून येतायत. चार दिवसांची ट्रिप ठरली आहे: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, खेड्यांतले आणि समुद्राकाठचे पब बघत फिरायचं. एका मित्राने एक्सेलमध्ये चौदा पबांची यादी केली आहे, अगदी मिनिटांसकट. मी पीत नाही आणि शाकाहारी आहे (अंडं चालतं). त्यामुळे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की गाडी मी चालवायची. "तू तसंही पीत नाहीस!" खर्चाचे मात्र सहा सारखे भाग. माझी चिडचिड होतेय, पण बोलले तर मजेवर पाणी ओतणारी मीच ठरणार. शिवाय न पिणारीने चार दिवस पबांत बसून करायचं काय? खेड्यातल्या पबात आपण सहा देशी माणसं शिरलो तर लोक टकामका बघतील का? आईला 'समुद्रकिनारी फिरायला चाललेय' एवढंच सांगितलंय. जाऊ की नको?*

*— तसंही न पिणारी, रेडिंग*

प्रिय 'तसंही',

जा. फक्त गाडी रेडिंगलाच ठेवा आणि यादीतले निम्मे पब खोडा.

चार दिवसांत चौदा पब म्हणजे अष्टविनायक यात्रा झाली. बसमधून उतरा, दर्शन घ्या, फोटो काढा, चला चला पुढचा गणपती गाठायचाय. आणि अष्टविनायक तरी आठच आहेत. डॉर्सेटमधली खेडी एकमेकांपासून चार-पाच मैलांवर, मधले रस्ते दोन्ही बाजूंनी उंच कुंपणांचे आणि इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घेत मागे जागा शोधायची. अशी यादी केली की तिला न पिणारा ड्रायव्हर लागतोच. तुझी नेमणूक खरं तर त्या एक्सेलने केली आहे. म्हणून मित्रांशी भांडण्याआधी यादीशी भांड.

एका गावात मुक्काम करा. दिवसाला दोन पब: एक दुपारच्या जेवणाला, एक रात्रीचा. मधलं अंतर पायी किंवा बसने. तरी चार दिवसांत सात-आठ होतात, आणि घरी आल्यावर कुठला कुठला होता ते आठवतं.

आता 'न पिणारीने काय करायचं' हा प्रश्न. तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर जे येत असेल तेच माझ्याही यायचं. काळ्या काचा, लाल दिवा, 'परमिट रूम' अशी पाटी, आणि शेजारी जिना चढून 'फॅमिली रूम'. दारू पिणं ही चोरून करायची गोष्ट आणि बायकामुलांना त्यापासून लांब ठेवायचं, अशी ती सगळी मांडणी. पब या शब्दाचं मूळ आहे पब्लिक हाऊस, म्हणजे सगळ्यांसाठी उघडं घर. खेड्यात ते आजही बरंचसं तसंच असतं. शेकोटीजवळ कुत्रा, कोपऱ्यात शब्दकोडं सोडवणाऱ्या आजी, एका टेबलावर कुणाचा तरी सत्तरावा वाढदिवस, आणि हातात कॉफी घेऊन तासभर पाऊस थांबायची वाट बघणारं एखादं जोडपं. काय पिताय याकडे कुणाचं लक्ष नसतं. जागा अडवून काहीच घेत नसाल, तर मात्र असतं.

(हे घरही काही सगळ्यांना आधीपासून उघडं नव्हतं हं. लंडनच्या एका प्रसिद्ध वाइन बारमध्ये बायकांना काउंटरपाशी उभं राहून मागायला मनाई होती, ती कोर्टाने मोडीत काढली 1982 मध्ये. म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांत.)

लोक बघतील का? बघतील. मी पहिल्यांदा खेड्यातल्या पबात शिरले ती लग्न होऊन इकडे आल्यावर, एका नोव्हेंबरात. अंगात पंजाबी ड्रेस, वर यजमानांचा स्वेटर, पायांत चिखल. दार उघडलं आणि आतल्या अकरा माना एकदम वळल्या. मी तिथेच थिजले. तेवढ्यात काउंटरमागच्या बाई ओरडल्या, "आधी दार लावा, शेकोटी विझेल!" पुढे कळलं की त्या माना दार उघडणाऱ्या प्रत्येकासाठी वळतात, पोस्टमनसाठीसुद्धा. गावात करमणूक दुसरी असते काय? दहा मिनिटांनी एक ओला लॅब्रेडॉर माझ्या पावलांवर येऊन झोपला आणि मला उठताच येईना.

पण सगळं असंच गोड असतं असं सांगितलं तर मी खोटी पडेन. 1960 च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकसारख्या गावांत पबच्या काही खोल्यांत गोऱ्यांशिवाय इतरांना सरळ मज्जाव होता. 1965 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स खास ते बघायला आला होता. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि सार्वजनिक ठिकाणी असं अडवणं बेकायदा ठरलं. पुढे त्याच भागातले कितीतरी पब पंजाबी माणसांनी चालवायला घेतले. आज तिथे पाइंटबरोबर तंदुरी मिक्स ग्रिल खायला गोरे लोक लांबून येतात. किनाऱ्यावरच्या खेड्यांत तुम्हाला बहुधा फक्त कुतूहल भेटेल. आत शिरताना काउंटरकडे बघून मोकळेपणाने 'हॅलो' म्हणायचं, आणि शेकोटीजवळची किंवा काउंटरला टेकलेली उंच खुर्ची रिकामी दिसली तरी लगेच पटकवायची नाही. ती बहुतेक वेळा कुणाची तरी 'रोजची' असते. एखादा वाकडं बोललाच, तर ग्लास अर्धा असला तरी उठायचं. मी एकदा उठले आहे. दुसरा पब वीस मिनिटांवर होता आणि तिथलं सूप जास्त चांगलं होतं.

गाडीबद्दल आता रोखठोक बोलते. पुण्याहून येणाऱ्यांपैकी एखादा म्हणेलच, "एका पाइंटने काय होतंय!" त्याला सांग, भारतात मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती 80 आहे, स्कॉटलंडमध्ये 2014 पासून 50. इंग्लंडचा आकडा सैल दिसतो आणि तिथेच लोक फसतात, कारण पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आणि कुणाला किती चढेल ते आकड्यांवरून काढता येत नाही. पकडलं जाऊन गुन्हा शाबीत झाला, तर निदान बारा महिने गाडी चालवायला बंदी. तुमच्यातले चौघं इथे व्हिसावर असतील, तर ती शिक्षा पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावी लागते. म्हणजे गाडी नेली तर चालवणारा पूर्ण कोरडा हवा, आणि दर दिवशी तू नकोस. इथले चौघं, दिवस चार. पाळी लावा. पुण्याच्या पाहुण्यांना भारतीय लायसन्सवर इथे वर्षभर गाडी चालवता येते, पण सहा माणसांची गाडी घेऊन त्या कुंपणांतून नको.

त्यापेक्षा माझं ऐका, गाडीच नको. लंडनच्या वॉटर्लूहून वेमथकडे जाणारी रेल्वे वेअरहॅमला थांबते. स्टेशनवरून 40 नंबरची बस कॉर्फ कॅसलमार्गे स्वानेजला जाते. स्वानेज हे समुद्राकाठचं जुनं गाव: वाळू, धक्का, मासे-चिप्सचा वास आणि लहान मुलासारखा बिस्किटावर टपलेला सीगल. तिथे मुक्काम करा.

कॉर्फ कॅसलला वाटेत उतरा. टेकडीवर किल्ल्याचे नुसते सुळके उरलेत. इंग्लंडच्या यादवी युद्धात (राजा विरुद्ध संसद) संसदेच्या सैन्याने 1646 मध्ये तो सुरुंग लावून पाडला, त्याआधी मेरी बँक्स नावाच्या बाईने तो राजाच्या बाजूने लढवला होता. म्हणून त्या भागात 'बँक्स आर्म्स' नावाचे पब दिसतात. असं झालं की पाट्या वाचायला मजा येते. इंग्लंडमध्ये पबवर पाटी लावायची सक्ती दुसऱ्या रिचर्ड राजाने 1393 मध्ये केली, आणि त्याचं चिन्ह पांढरं हरीण, म्हणून ठिकठिकाणी 'व्हाइट हार्ट'. 'रॉयल ओक' दिसला की समजायचं, दुसरा चार्ल्स 1651 मध्ये लढाई हरल्यावर ज्या ओकच्या झाडावर लपला ते झाड. आपल्याकडे गडावरच्या दरवाजांची नावं वाचतो ना, तसंच. कॉर्फहून चढ चढून किंग्स्टन गावात गेलात तर 'स्कॉट आर्म्स'च्या बागेतून तो पडका किल्ला खाली खेळण्यासारखा दिसतो. तिथे तुझ्या मित्रांनी बिअर घेतली काय आणि तू चहा घेतलास काय, बघायचं एकच आहे.

एक दिवस 50 नंबरच्या बसने स्टडलंडला जा. तिथला 'बँक्स आर्म्स' समुद्रावर, रस्त्यापलीकडे त्याची बाग आणि खाली अख्खा उपसागर. जेवण करून ओल्ड हॅरीच्या पांढऱ्या खडूच्या सुळक्यांजवळून कड्याच्या वाटेने चालत स्वानेजला परत. बिअर प्यायलेल्यांना कड्यापासून आत ठेवायचं काम तुझ्याकडे येईल. ते मात्र घे. तेवढं मित्रांसाठी करावं.

आणि ज्या पबासाठी मी तुला मुद्दाम डॉर्सेटला पाठवतेय तो वर्थ मॅट्रॅव्हर्स गावातला 'स्क्वेअर अँड कंपास'. म्हणजे आपला गुण्या आणि कंपास. हा पाथरवटांचा मुलूख. इथला पर्बेक दगड वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे, सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये आहे, आणि तो काढणाऱ्यांची हत्यारं पबच्या पाटीवर. 1907 पासून एकाच घराण्याकडे आहे. आत गेल्यावर काउंटर शोधत बसाल, कारण तो नाहीच. फरसबंद बोळात एक खिडकी आहे, रेशन दुकानासारखी, तिथे मागायचं. खायला पेस्टी, म्हणजे भाजीची किंवा मांसाची मोठी करंजीच, आणि पुढे फारशी अपेक्षा ठेवायची नाही. बाजूच्या खोलीत मालकांच्या घराण्याने जमवलेले जीवाश्म मांडलेत: अमोनाइट, हाडं, डायनासोरचे अवशेष. बाहेर दगडी फळ्यांची बाकं, पायांत कोंबड्या, समोर समुद्र. मी तिथे लाइम सोडा घेऊन तीन तास बसले आहे आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही.

स्वानेजहून किनाऱ्याच्या वाटेने तिथे चालत जा. मध्ये डान्सिंग लेज नावाची जुनी खाण लागते. समुद्रात उतरलेला दगडी ओटा, तिथून पूर्वी दगड थेट होड्यांत चढवायचे. तीन-साडेतीन तास धर, पुण्याच्या मित्रांना सिंहगडाची सवय असेल तर कमी. हीच ती 630 मैलांची दक्षिण-पश्चिम किनारवाट, स्टडलंडजवळ संपते. पायात बूट हवेत, सँडल नकोत. सप्टेंबरात सायडरच्या ग्लासात गांधीलमाश्या येतात, हात झटकू नका, ग्लासावर बिअरमॅट ठेवा. आणि निघण्याआधी परतीच्या बसची वेळ फोनवर बघून ठेव. खेड्यात शेवटची बस आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर जाते.

समुद्राकाठच्या पबचं आणखी एक, गाडी नेलीच तर. ससेक्समध्ये बॉशम गावात भरतीचं पाणी रस्त्यावर येतं आणि पबजवळ लावलेल्या गाड्या दर वर्षी बुडतात. आतले लोक खिडकीतून बघत असतात कुणाची गेली. कोकणातला कुठलाही माणूस आधी भरतीची वेळ विचारेल. आयटीतला विचारत नाही.

आता तू प्यायचं काय. लाइम अँड सोडा सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो, फक्त तो ताज्या लिंबाचा नाही, हिरव्या गोड सिरपचा असतो. लेमोनेड मागितलंस तर स्प्राइटसारखं काहीतरी येईल. जिंजर बिअर बहुतेक वेळा नुसती आल्याची असते, तरी बाटली बघून घे, अल्कोहोलवालीही निघते. सायडर मात्र सफरचंदाचा रस समजून घेऊ नकोस, इथे ती दारूच. शँडीतही अर्धी बिअर असते. बिनअल्कोहोल बिअर आता जवळजवळ प्रत्येक पबात आहे. साधं नळाचं पाणी गिऱ्हाइकाला फुकट द्यावंच लागतं, 2010 पासून तो परवान्याचा नियमच आहे. लाजू नकोस.

तुमच्यात पिणारा दुसरा कुणी शाकाहारी असेल, तर त्याला ही गोष्ट सांग आणि त्याचा चेहरा बघ. हातपंपाने ओढून देतात ती 'एल' नावाची पारंपरिक बिअर पिंपातच पुन्हा आंबते, त्यामुळे तिच्यात यीस्ट तरंगतो. तो खाली बसवून बिअर नितळ करायला पूर्वीपासून आयसिंग्लास वापरतात, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. पालघर-वसईकडच्या कोळ्यांना विचार, घोळ माशाच्या पिशवीला बाजारात काय भाव येतो ते. पूर्वी मुंबईहूनही अशा पिशव्या इकडच्या बाजारात यायच्या. आमच्या घरातले कट्टर शाकाहारी, सदाशिव पेठेत वाढलेले, आमटीला कांदा लागला तरी विचारणारे, अकरा वर्षं हीच बिअर पीत होते. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ते तासभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "अकरा वर्षांचं प्रायश्चित्त एकदम घ्यायचं की हप्त्याने?" आता पुष्कळ छोट्या ब्रुअऱ्या हे न घालता थोडी गढूळ एल बनवतात, आणि गिनेसनेही ते बंद करत असल्याचं 2015 मध्ये जाहीर केलं. काउंटरवर 'व्हीगन आहे का' एवढं विचारलं तरी पुरतं.

पुण्याचे दोघं पहिल्या घोटाला म्हणतील, "ही गरम आहे." गरम नाही, तळघराच्या तापमानाची आहे, 11 ते 13 अंश. तशीच प्यायची असते. बर्फ मागू नका, गावभर होईल. ही एल गॅस भरून विकल्या जाणाऱ्या केग बिअरच्या लाटेत नामशेष होऊ नये म्हणून 1971 मध्ये चार मित्रांनी सहलीवर असताना 'कॅमरा' ही चळवळ सुरू केली होती. तुमच्या एक्सेलवाल्याला हे आवडेल.

खाण्याचं मात्र मनावर घे, कारण इथे माझे पाहुणे नेहमी फसतात. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं, रात्री साडेआठ-नऊला. साडेतीनला भुकेजलेले पोचलात तर वेफर्सचं पाकीट मिळेल. काही पब सोमवारी-मंगळवारी उघडतच नाहीत. रविवारचं रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही) आधी सांगून ठेवावं लागतं, आणि तुझ्यासाठी मांसाऐवजी सुक्या मेव्याचं नट रोस्ट असेल तरी ग्रेव्ही वेगळी आहे का आणि बटाटे कशात भाजलेत ते विचार. बदकाच्या किंवा गाईच्या चरबीतले बटाटे फार कुरकुरीत होतात, म्हणूनच विचारायचं. चिप्स माशाच्याच तेलात तळतात का, हेही. चीज टोस्टवरच्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. सुरक्षित आणि छान म्हणजे प्लोमन्स लंच, नांगऱ्याची न्याहारी: चीज, पाव, लोणचं, सफरचंद (हॅम नको म्हणून सांग). नावावरून वाटतं शेतकरी हजार वर्षं हेच खातोय, पण ते नाव गावोगावच्या पबांत पोचवलं ते 1950-60 च्या दशकांत चीज आणि दूध खपवणाऱ्यांच्या जाहिरातीने. आपल्या कितीतरी 'पारंपरिक' थाळ्यांसारखंच.

मागायची रीत: टेबलावर बसून हात हलवू नका, कुणी येणार नाही. काउंटरवर जायचं. रांग दिसत नाही, पण असते, प्रत्येकाच्या डोक्यात. तुमच्या आधी आलेल्याला टाळून तुम्हाला विचारलं तर 'यांचा नंबर आधी' म्हणायचं. एवढ्या एका वाक्याने आख्खा पब तुमचा होतो. चुटकी, नोट फडकवणं, "बॉस" हे सगळं पुण्यात ठेवून या. टिप द्यायची सक्ती नाही. निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवले तर बाई तुम्हाला पुढच्या वर्षीही ओळखतील.

पैसे. इथे राऊंडची पद्धत आहे: एकाने सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्याने. सहा जणांत ती घातक. प्रत्येकाला आपली पाळी फेडायची असते, म्हणून दोन हवे असताना सहा पाइंट होतात, आणि तू पाच जणांचे पाइंट विकत आणून स्वतः लाइम सोडा पितेस. टीटीएमएम केलं तर काउंटरवर सहा कार्डं आणि मागे वैतागलेलं गाव. त्यापेक्षा किटी करा, भिशीसारखी. पिणारे पाच जण सकाळी सारखे पैसे काढतील, त्यातून दिवसभराची पेयं. तुझा सोडाही त्यातूनच, आणि तू त्यात पैसे घालायचे नाहीत. गाडी चालवणाऱ्याचं पेय बाकीच्यांनी द्यायचं हा इथला जुनाच रिवाज आहे, तू गाडी नाही चालवलीस तरी परतीच्या बसची वेळ तूच बघणार आहेस. राहणं आणि जेवण सहा भागांत.

'तसंही' या शब्दाबद्दल तुला चीड आली, ती मला कळते. आपल्या घरांत हा शब्द बायकांनी फार ऐकलाय. तू तसंही लवकर उठतेस, तू तसंही घरीच असतेस. एखादी गोष्ट तू करत नाहीस म्हणजे तेवढा तुझा वेळ रिकामा आणि तो सगळ्यांचा. मित्रांच्या मनात वाईट नसेल, पण सवय लागते. म्हणून तक्रारीचा निबंध लिहू नकोस, पर्याय पाठव. ग्रुपवर एवढंच टाक:

"मी येतेय. गाडी नको, ट्रेन आणि बसने जाऊ. स्वानेजला तीन रात्री, दिवसाला दोन पब, मध्ये चालणं. पेयांची किटी पिणाऱ्यांची, बाकी सगळं सहा भागांत. कुणाला गाडीच हवी असेल तर दर दिवशी एकाने चालवायची, आणि ज्याचा दिवस त्याने माझ्याबरोबर लाइम सोडा प्यायचा."

एक्सेलवाला थोडा रुसेल. त्याला चौदांपैकी सात निवडायचं काम दे, तो त्यासाठी दुसरी शीट करेल आणि खूश होईल.

आईला पहिल्या दिवशी शेकोटीजवळच्या कुत्र्याचा फोटो पाठव, दुसऱ्या दिवशी स्टिकी टॉफी पुडिंगचा. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच विचारेल, "हे हॉटेल कुठलं गं?" तेव्हा सांग.

तुझी,
मावशी

ता. क. पुण्याच्या मित्रांना बाकरवडी आणायला सांग, पण पबात पिशवी उघडायची नाही, बाहेरचं खाणं चालत नाही. स्वानेजच्या धक्क्यावर बसून खा. आणि पिशवीचं तोंड घट्ट धर. त्या सीगलने मागच्या वर्षी माझी अख्खी चकली नेली आहे.